एशियन, पस्तीस ते चव्वेचाळीस

"काका, एकच चौकट रिकामी राहिली," क्षिप्रा नंदकिशोरांच्या खुर्चीमागे येऊन म्हणाली. "एशियन पुरुष, पस्तीस ते चव्वेचाळीस, स्वतःचं घर, वरचं उत्पन्न. साडेनऊला लिस्ट बंद. मग सगळे नंबर पुसायचे आणि प्रोजेक्ट संपला."

"माहीत आहे," नंदकिशोर म्हणाले.

कोपरखैरण्याच्या त्या ऑफिसात सकाळचे साडेआठ झाले होते. तिकडे ॲरिझोनात आदल्या दिवशीच्या रात्रीचे आठ. अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक तीन आठवड्यांवर आली होती. ॲरिझोना कोणाकडे झुकणार, याचा अंदाज तिकडे कोणीतरी बांधत होतं आणि त्यासाठी फोन इथून जात होते. नंबर संगणक लावायचा. नाव विचारायचं नाही. वय, वंश, घर, उत्पन्न विचारायचं आणि शेवटी मत. प्रत्येक प्रकारच्या माणसांची एक चौकट, ती ठरलेल्या आकड्यापर्यंत भरायची.

चार महिन्यांत नंदकिशोरांना शेवटचा प्रश्न विचारायची गरज वाटेनाशी झाली होती. थंड राज्यातून ऊन खायला आलेला, सत्तरीचा गोरा निवृत्त माणूस तोंड उघडताच कळायचा. हॉटेलात खोल्या झाडणारी मेक्सिकन बाईही कळायची. पण तिचा नवरा बांधकामावर मुकादम झालेला असला आणि किराणा महाग झाला असला, की त्या एका घरातून दोन वेगळी मतं निघायची. उत्तरेकडच्या आदिवासी वस्त्यांत फोनच लागायचा नाही. त्यांच्या चौकटी भरताना क्षिप्राच्या नाकी नऊ आले होते.

"यात काय नवीन हाय?" शेजारचा कुंदन म्हणाला. तो करावे गावचा. "आमच्या गावात आडनाव सांगा, मी मत सांगतो. भाडेकरू हाय का मालक तेवडं सांगा, म्हंजे पक्कं सांगतो."

"मग तूच निवडणुकीला उभा राहा," क्षिप्रा म्हणाली.

"राहीन. पन आधी काकांना विचारा, मिशिगनची लिस्ट भेटत होती ती का सोडली? इन्सेंटिव्ह जास्त होता. चार महिने ॲरिझोनाच्या त्या चँडलर गावालाच चिकटून हायेत. तिथं काय पुरलंय, काका?"

"सवय झाली," नंदकिशोर म्हणाले.

"सवय! आनि फोनवरचं यांचं ते इंग्लिश. 'धिस इज नील.' घरचं मानूस पन वलखनार नाय."

"घरी कशाला इंग्रजी बोलेन मी?"

नंदकिशोर तुर्भ्याच्या कारखान्यात मालाची इंग्रजी पत्रं लिहायचे. कारखाना बंद झाला. नंतर बायको, जयमाला, गेली. घरात दोन खोल्या आणि एक माणूस उरला.

त्यांचा मोबाइल थरथरला. गुरुजी होते.

"सोमवारच्या वर्षश्राद्धाचं विचारायचं होतं. विधीला तुम्ही बसणार की चिरंजीव?"

"कळवतो."

"काल पण कळवतोच म्हणालात, काका."

"आज दहाच्या आत कळवतो."

क्षिप्राने ऐकलं होतं. "काकूंना वर्ष झालं पण?"

"हो."

"मुलगा येणार आहे?"

"बघू. कामात असतो तो."

नंदकिशोरांनी हेडफोन चढवला. पहिल्या बाईने त्यांना झापलं. दुसरीकडे नुसतं मशीन बोललं. तिसरा 'नील' ऐकून हसला आणि त्याने फोन ठेवला. नऊ वाजले. चौथा, पाचवा, अकरावा. नंदकिशोरांची पाठ भरून आली.

नऊ बाराला एका पुरुषाने फोन उचलला. मागे कुकरची शिट्टी झाली.

"किती वेळ लागेल?" बोलणं सगळं इंग्रजीत होतं.

"सहा मिनिटं, सर."

"बरं. बोला."

वय अडतीस. एशियन. घर स्वतःचं, हप्ते चालू. नोकरी चिप बनवणाऱ्या कारखान्यात. उत्पन्न सगळ्यात वरच्या रकान्यातलं. क्षिप्रा धावत आली आणि मागे उभी राहिली. कुंदनने अंगठा दाखवला.

"मतदार कधीपासून, सर?"

"गेल्या वर्षी नागरिक झालो. हे पहिलंच मत."

"मत देताना सगळ्यात आधी कशाचा विचार कराल?"

"हप्त्याचा. मग मुलीच्या शाळेचा. लोकांना वाटतं आम्ही सगळे इंडियन एका बाजूला. माझा शेजारी पण इंडियनच आहे. आमचं एकाही गोष्टीत जमत नाही."

नंदकिशोरांनी ते लिहून घेतलं. पुढचा प्रश्न सतरावा होता. त्यांनी तो कागदावरून वाचला, पाठ असूनही.

"मूळ देशात आई-वडील आहेत का? त्यांना इथे आणायचा विचार आहे?"

"नाही."

"माफ करा सर, दोघांचं वेगवेगळं भरावं लागतं."

"आई गेली. माझी नागरिकत्वाची शपथ होती, त्याच आठवड्यात. मी शपथ सोडून येईन म्हणून मला कळवलंच नाही. तेराव्यानंतर कळलं. त्यानंतर मी नंबरच बदलला."

कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

"आणि वडील?"

"तेही नाहीत, असं लिहा."

नंदकिशोरांनी 'हयात नाहीत'वर खूण केली. मग शेवटचा प्रश्न विचारला. त्याने उत्तर दिलं. त्यांनी तेही भरलं. पडद्यावरची शेवटची चौकट हिरवी झाली.

"मिळाला तुमचा माणूस!" क्षिप्रा त्यांच्या दुसऱ्या कानाशी पुटपुटली. "सुटलो, काका. ठेवा आता."

"वेळ दिल्याबद्दल आभारी आहे, सर," नंदकिशोरांनी स्क्रिप्टमधलं शेवटचं वाक्य वाचलं.

मग पलीकडचा फोन बंद व्हायच्या आत ते मराठीत म्हणाले, "केयूर, सोमवारी आईचं वर्षश्राद्ध आहे. गुरुजी विचारतायत, विधीला कोण बसणार?"