शेवळं आधी, काकडं मागून

"वाट इथंच होती," हौसा तिसऱ्यांदा म्हणाली आणि तिने समोरच्या रानमोडीच्या माजलेल्या तणावर कोयता घातला.

मागून जुबेदा धापा टाकत येत होती. तिच्या ओढणीच्या गाठीत शेवळांच्या रानभाजीचे नऊ कोंब होते, जांभळट, बोटभर जाडीचे. सकाळपासून फिरून एवढेच मिळाले, तेही पायवाटेच्या कडेला. खांब गावच्या डोंगराच्या या उतारावर आत शिरलं की आता माणसाच्या डोक्याहून उंच रानमोडी, दुसरं काही नाही.

शेवळं मिळाली, पण काकडांशिवाय त्यांचा काय उपयोग? काकडाची आंबट हिरवी फळं वाटून घातली नाहीत तर शेवळं घशाला अशी खाजतात की माणसाने पाण्याचा हंडाच तोंडाला लावावा. बाजारातसुद्धा शेवळांच्या जुडीशेजारी काकडांचा वाटा असतोच. नुसती शेवळं घेऊन बसणाऱ्या बाईला गिऱ्हाईक खुळ्यात काढतं.

आणि चार वाजता गाडी येणार होती, जुबेदाच्या मुलाला विमानतळावर न्यायला. झुबेर दुबईहून दर मे महिन्यात यायचा आणि शेवळं उगवायच्या आत परत जायचा. अकरा वर्षं त्याने शेवळांची चव घेतली नव्हती. यंदा मे महिन्यातच आठ दिवस पाऊस कोसळला आणि शेवळं वीस दिवस आधी वर आली. जुबेदाला वाटलं, अल्लाने ऐकलं.

"नशीब लागतं गो," ती म्हणाली.

"नशीब कसलं? जमीन फसली. पाऊस बघितला नि मिरग समजून बसली."

जुबेदा गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. "झुबेरने काल डोंगराचा फोटो काढला. बोलतो, अम्मी, आपला डोंगर किती हिरवा झालाय!"

हौसाचा कोयता थांबला. रानमोडी काढा म्हणून तिने वनखात्याला तीन अर्ज दिले होते. तिसऱ्या वेळी साहेबाने खुर्चीवरून न उठता खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला, "मावशी, हिरवा तर आहे डोंगर." तेव्हापासून हिरवा हा शब्द ऐकला की तिचं टाळकं सरकायचं.

"हिरवा! गुरं तोंड लावीत नाय हिला. उन्हाळ्यात वाळून पेटते, चार झाडं घेऊन जाते नि पाऊस पडला की परत दुप्पट. असला हिरवा काय चाटायचाय?"

"माझ्यावर कशाला ओरडतेस?"

"मग कोणावर ओरडू? साहेब हाय का हितं?"

जुबेदाने रागारागाने एक फांदी बाजूला सारली आणि तिचं मनगट छाटलेल्या खुंटावर फाटलं. रक्त आलं. हौसाने रानमोडीचीच चार पानं चुरगळून रस जखमेवर दाबून धरला. रक्त थांबलं.

"एवढा एकच गुण हाय मेलीत," हौसा म्हणाली. "तो पण हिच्यातनं जाताना कापतं म्हणून लागतो."

दोघी हसल्या. मग परत कोयता.

ज्यांच्यासाठी वाट काढत होत्या ती काकडाची पाच झाडं अखेर दिसली. चार गेल्या मार्चच्या वणव्यात काळी पडली होती. पाचवं उभं होतं आणि त्याला घोस लागले होते! जुबेदा दुखरे गुडघे विसरून पुढे धावली, फांदी वाकवली आणि तशीच उभी राहिली.

फळं मिरीच्या दाण्याएवढी होती. तिने एक चावलं आणि थुंकून टाकलं. नुसतं तुरट, आंबटपणाचं नाव नाही.

"अजून वीस दिवस," हौसा म्हणाली. "ह्याला पावसाने नाय फसवलं. हा आपल्या टायमावर हाय."

"तोवर शेवळं?"

"शेवळं कुठली तोवर? केव्हाच सरून जातील."

जुबेदाने फांदी सोडली. "चिंच घालीन मी."

"घाल. खाज मरंल." एवढ्यावर हौसाने थांबायला हवं होतं. "चव पण मरंल."

तेवढ्यात फोन वाजला. जुबेदाचा हात रसाने चिकट झाला होता, म्हणून तिने बोटाच्या पेराने स्पीकर लावला.

"अम्मी, काकडं मिळाली?"

"नाय रे. बारीक हायत अजून."

पलीकडे बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

"जाऊ दे," झुबेर म्हणाला. "ऐक, पुढच्या वर्षीच्या रजेची तारीख गेल्या गेल्या कंपनीत द्यायचीय. एकदा दिली की बदलत नाय. हौसामावशी हाय ना तिथं? तिला विचार, शेवळं नि काकडं दोन्ही कधी मिळतील. ती बोलंल ती तारीख टाकतो."

चाळीस वर्षं अख्खं गाव हौसाला हेच विचारत आलं होतं. ती म्हणायची, मिरगाच्या चौथ्या दिवशी, आणि चौथ्या दिवशी लोक टोपल्या घेऊन निघायचे. एकदाही कोणी रिकामं परतलं नव्हतं.

तिने तोंड उघडलं. ओढणीतल्या कोंबांकडे बघितलं, मग वर त्या मिरीएवढ्या फळांकडे.

"सांग ना गो," जुबेदा म्हणाली. "पोरगा लाइनवर हाय."

हौसाने कोयता समोरच्या रानमोडीत भिरकावला.

"मला नको विचारू. ह्या रानमोडीला विचार. बारा महिने हीच असते हितं."