एका घरातून एक

"एका घरातून एकच," फोरमन स्तोइलोव्ह कागदावरची नजर न उचलता म्हणाला. "नव्या मालकांचा हुकूम आहे. दोघांपैकी कोण राहणार, बोला."

नेवेना आणि पेंचो त्याच्या टेबलासमोर उभे होते. रूसे शहरातल्या त्या कारखान्यात नवरा-बायको दोघंही लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर. ती सतरा वर्षं, तो अकरा. मशीनला हात कसा लावायचा ते त्याला तिनंच शिकवलं होतं. लग्न त्यानंतरचं.

"काम बघून ठरवा की," नेवेना म्हणाली. "माझे किती शाफ्ट खराब म्हणून परत आलेत, सांगा."

"एकही नाही, वहिनी. मला का ठाऊक नाही ते? पण मालक म्हणतात, बायकांच्या रजा फार. आज पोराला ताप, उद्या सासू आजारी." मग तो पेंचोकडे वळला. "घरचा कर्ता तू. तूच सांग."

पेंचोला सांगायचं होतं, हिलाच ठेवा. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण दाराबाहेर रांगेतली माणसं कान देऊन होती. बायको कमावते आणि हा घरी मिरच्या भाजत बसतो, असं गुत्त्यावर कोण कोण म्हणेल, तेही त्याला ऐकू येऊ लागलं. तो टोपी चुरगाळत उभा राहिला.

स्तोइलोव्हनं जरा वाट पाहिली आणि कागदावर नेवेनाचं नाव खोडलं.

बाहेर आल्यावर नेवेना एवढंच म्हणाली, "तुझे ओठ हलले होते. मला वाटलं, बोलशील."

पुढच्या आठवड्यात पेंचोला तिच्या मशीनवर उभं केलं. तीन दिवसांत त्यानं सात शाफ्ट वाया घालवले. "जा, बायकोला विचारून ये!" स्तोइलोव्ह सगळ्यांदेखत ओरडला. कुणीतरी फिस्सकन हसलं.

संध्याकाळी नेवेना पीठ मळत होती. पेंचो बराच वेळ दारात घुटमळला.

"तो लांब शाफ्ट... शेवटी शेवटी थरथरतो गं."

"घाई करतोस. शेवटचा काप अगदी पातळ घ्यायचा. हँडल असं. हळू."

पिठानं माखलेला तिचा हात हवेतच हँडल फिरवू लागला. अर्धा फेरा, थांबून आणखी थोडा. जराही न अडखळता.

"बघ ना इकडे," ती म्हणाली.

पेंचो जमिनीकडे बघत राहिला.