दहावा ठिपका

तीन वाजून दहा मिनिटांनी आचऱ्याच्या हायस्कूलचा ठिपका लाल झाला. पाठोपाठ वाचनालयाचा. मग वसतिगृहाचा. किशोरीच्या मोबाईलवर तीनदा घंटी वाजली, आणि तिन्ही वेळा तिला बरंच वाटलं.

मालवणातल्या शिक्षणसंस्थेच्या कचेरीत संगणकांचं सगळं तीच बघायची. कुठल्या शाळेतलं यंत्र चालू आहे, कुठलं बंद पडलं, हे एका पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर तिने चौदा दिवसांसाठी फुकट मिळवलं होतं. आज अकरावा दिवस.

"तीन-तीन लाल?" मुख्य लिपिक गुरुप्रसाद तिच्या खांद्यावरून डोकावले. "तुझां सॉफ्टवेअर बिघाड दाखवता, की तेचोच बिघाड झालोहा?"

"गावपळण आसा ना आज, भाऊ. मेन स्विच बंद करून शिपाईसुद्धा पळालो."

देवाचा कौल झाला की आचरा गाव रिकामा होतो. दर तीन-चार वर्षांनी एकदा. गुरंढोरं, कोंबड्या, म्हातारीकोतारी, सगळे तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर झावळांच्या राहुट्यांत राहतात. गावात माणूस म्हणून कुणी उरत नाही.

पडद्यावर आचऱ्याचा आणखी एक ठिपका होता. तो हिरवा होता. किशोरी सकाळपासून त्याच्याकडेच बघत होती.

फुकटच्या चाचणीत दहा यंत्रं जोडता येत. संस्थेची नऊच भरली. कंपनीने पाठवलेल्या माहितीत लिहिलं होतं की चाचणीचा पुरेपूर फायदा घ्यायचा तर एकही जागा रिकामी ठेवू नका, आणि जे सगळ्यात नाजूक आहे त्यावर आधी नजर ठेवा. किशोरीने फार विचार केला नाही. दहाव्या जागी तिने आचऱ्याच्या घरातला राऊटर जोडला. नाव दिलं, 'बाबा'. हिरवा म्हणजे घरी सगळं ठीक, लाल म्हणजे बिघाड, हे तिने बाबांनाही समजावून सांगितलं होतं.

सत्यवान गुरुजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. श्रावणात आई, लीला, गेली, तेव्हापासून त्यांनी अंगणाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. दूध, भाजी, इन्सुलिनच्या सुया, सगळं शेजारचे बाबलीकाका आणून देत. काल किशोरी तासभर ओट्यावर बसून बाबांची मनधरणी करून आली होती. राहुटीत नको तर मालवणला चला, म्हणाली. गुरुजी सुपारी कातरत राहिले.

"लीलेक एकटी टाकून मी खंय येवचंय नाय," ते शेवटी म्हणाले. "गाव जाता तर जावंदे."

गाव काय म्हणेल ही फार मोठी गोष्ट नव्हती. पण तीन रात्री त्या अख्ख्या गावात एकटा म्हातारा. साखर उतरली, न्हाणीत पाय घसरला, तर हाक ऐकायला कुत्रंही नाही. घराचा ठिपका लाल झाला, की समजायचं, बाबांनी मेन स्विच बंद केला, कुलूप लावलं, निघाले. एरवी लाल दिसू नये म्हणून धडपडणारी किशोरी आज लालची वाट बघत होती.

चार वाजले. हिरवा. फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. बाबलीकाकांना लावला, तर त्यांना रेंज नाही. साडेचारला गुरुप्रसादांनी चहा आणून ठेवला आणि या वेळी काही चेष्टा केली नाही. पडद्याकडे बघून हळूच म्हणाले, "जा गो तू. अहवाल सोमवारी दी."

तिने स्कूटर काढली. वाटेत ती मनाशी भांडत होती. पहिलं वाक्य काय बोलायचं? रागावायचं, की पाया पडायचं? गावात शिरायचं नाही हे तिला ठाऊक होतं. तरी शिरायचंच, असं तिने ठरवलं.

वेशीजवळच्या माळावर धूर दिसला. राहुट्या, दोरीला बांधलेली वासरं, दगडांच्या चुली. आणि तिसऱ्या चुलीपुढे उकिडवे बसून, फुंकणीने जाळ करत असलेले बाबा.

किशोरीला स्कूटर स्टँडवर लावताच येईना. बाबलीकाकांनी धरली.

"फोन खंय आसा ह्येंचो?" तिने त्यांनाच विचारलं.

"तांदळाच्या पिशयेत. भिजात म्हणान." बाबलीकाका हसले. "सकाळी मी सांगलंय, आता वाडीची लाईट बंद करतले, फ्यूजच काढतले. तसो ताडकन उठलो तुझो बापूस. चार म्हयन्यान घराभायर पडलो, तो थेट देवळात. मानकऱ्यांक म्हणता, माझ्या घरची लाईट काढू नको, माझां चेडू मालवणात बसान बघता. सगळे एकमेकाच्या तोंडाकडे बघूक लागले."

"मगे?"

"मगे काय? मानकऱ्यान देवाक गाऱ्हाणा घातल्यान. म्हणालो, लाईट ऱ्हवांदे, पण माणूस ऱ्हवाचो नाय. सगळ्या गावान व्हय म्हाराजा म्हटल्यान. आता देवासमोर कबूल झाल्यावर गुरुजी करतलो काय? इलो आमच्या आधी."

किशोरी चुलीजवळ गेली. धुराने बाबांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी फुंकणी खाली ठेवली आणि तिच्याकडे अपराध्यासारखं बघितलं.

"लाल दिसलो तर घाबरान धावत येशीत, म्हणान हिरवो ठेवलंय," ते म्हणाले. "तरी धावत इलंसच गो?"