ब्रेकचे दिवे

मिसेस कापेल्लीने मांजर घरात कोंडून ठेवलं आहे.

फिल्बर्ट रस्त्याच्या चढावर सकाळपासून एकही खरी गाडी नाही. ज्या उभ्या आहेत त्या सिनेमावाल्यांनी आणलेल्या, भाड्याच्या. त्यांत बसलेली माणसंही भाड्याची.

नॉरिस टिपटनच्या अंगात नायकाचा स्वेटर आहे. नायक सावलीत बसून संत्रं सोलतो आहे.

पडद्यावर कुणी ब्रेक मारत नाही.

हे शेवटचं जरा सांगायला हवं. पाठलागातल्या गाडीचे मागचे लाल दिवे पेटलेले दिसले, की थिएटरातला माणूस निवांत होऊन खुर्चीत मागे रेलतो. म्हणून चित्रीकरणाआधी मेकॅनिक त्या दिव्यांच्या तारा कापून टाकतो. ब्रेक लागतात. दिवे लागत नाहीत. हॉलिवूडच्या प्रत्येक स्टंट ड्रायव्हरला हे ठाऊक असतं आणि त्यावर कुणी बोलत नाही.

पुढे काळी पॉन्टियाक. खलनायकाची टोपी घालून ती लाइल हॅस्केट चालवायचा. मागे निळी प्लिमथ, ती नॉरिसची. नॉरिसला या धंद्यात लाइलनेच आणलं होतं, गावोगावच्या धुळीतल्या शर्यतींमधून उचलून. पहिले बूटही त्यानेच दिले होते.

चढाच्या माथ्यावरून दोन्ही गाड्या एकामागोमाग उडायच्या होत्या. मध्ये जेमतेम एका गाडीचं अंतर. पण माथा जवळ आला की पॉन्टियाकची डिकी एकदम नॉरिसच्या काचेवर चालून यायची. नॉरिसला ब्रेक दाबावा लागायचा. मग पॉन्टियाक कशीबशी उडायची, आणि प्लिमथ मागून दूध वाटत आल्यासारखी माथा ओलांडायची. बघणाऱ्याला एवढंच दिसायचं, की मागचा घाबरला.

काल दिग्दर्शक रेडिंगरने कर्ण्यातून सगळ्या गल्लीला ऐकवलं होतं, "टिपटन, चर्चला निघालायस का रे? उद्याही मागे राहिलास तर तुझ्या गाडीत व्हर्जिल बसेल!"

व्हर्जिल बेकर्सफील्डहून आलासुद्धा होता. हातमोजे चढवून बसला होता.

मग नॉरिस लाइलकडे गेला. लाइल पॉन्टियाकला टेकून डोनट खात होता.

"म्हाताऱ्या, माथ्यावर तू ब्रेक मारतोस."

"मी? दिवे पेटलेले दिसले तुला?"

"पेटतील कसे? तारा कापल्यात ना!"

"मग कशावरून म्हणतोस?" लाइलने बोटावरची साखर चाटली. "मागच्याला नेहमी असंच वाटतं, पोरा. कधीतरी पुढे बसून बघ."

ही कालची गोष्ट.

आज झेंडा पडला. दोन्ही गाड्या सुटल्या. खिडक्यांच्या काचा थरथरल्या, मिसेस कापेल्लीच्या कुंडीतली माती खाली सांडली. माथा आला. आणि पॉन्टियाकचे दोन्ही दिवे लालभडक पेटले.

भाड्याच्या माणसांनी पाहिले. कॅमेऱ्याने पाहिले. मिसेस कापेल्लीने पाहिले.

रेडिंगर ओरडला नाही. कर्णा खुर्चीवर ठेवून तो माथा ओलांडून पायी गेला. हे जास्त वाईट होतं.

"लाइल," तो म्हणाला, "दिवे."

लाइलने खाली उतरून गाडीच्या मागे जाऊन पाहिलं. "तारा कुणी जोडल्या?"

मेकॅनिक टायर बघत राहिला. नॉरिस हातमोजा काढत होता, एकेक बोट सोडवून, फार लक्ष देऊन.

"बरं," लाइल म्हणाला.

"टिपटन, तू पुढे. व्हर्जिल मागे," रेडिंगर म्हणाला. "आणि त्या तारा काप रे परत."

लाइलने टोपी काढून नॉरिसला दिली. आत घडी केलेला वर्तमानपत्राचा कागद होता.

"कागद काढून टाक. तुझं डोकं मोठं आहे."

"लाइल, मी..."

"वर गेलास की रस्ता दिसत नाही," लाइल म्हणाला. "नुसतं आभाळ दिसतं. पलीकडे रस्ता आहे. सकाळी मी चालत जाऊन बघून आलोय."

मग तो पिशवी खांद्याला लावून कोपऱ्यावर बसची वाट बघत उभा राहिला. बस लवकर येईना. रस्ते चित्रीकरणासाठी बंद होते.

झेंडा पडला. नॉरिसने पॉन्टियाक चढावर घातली. इतकी वर्षं त्याच्यासमोर कुणाची तरी डिकी असायची. आज काहीच नव्हतं. गाडीचं नाक वर उठलं, दोन्हीकडची घरं खाली गेली, रस्ता संपला. समोर नुसतं आभाळ, त्यात एक पक्षी.

उजवा पाय आपला आपण उचलला गेला आणि शेजारी जाऊन बसला.

मागे टायर किंचाळले. पॉन्टियाक कशीबशी उडाली.

खाली थांबल्यावर व्हर्जिल दार आपटून उतरला. "टिपटन, वेड लागलंय का? माथ्यावर ब्रेक मारलास तू! तुझ्या मांडीवर येऊन बसलो असतो मी!"

"दिवे दिसले?" नॉरिसने विचारलं.

व्हर्जिल पॉन्टियाकच्या मागच्या दिव्यांकडे बघू लागला.

वरून कर्णा वाजला. "झकास, टिपटन! याला म्हणतात छाती! व्हर्जिल, तूपण चर्चला निघालायस का?"

सिनेमा खूप चालला. त्या उडीला लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. पुढची गाडी नॉरिसकडेच राहिली, त्या सिनेमात आणि नंतरच्या सगळ्या सिनेमांत.

लाइलचे दिवे पेटले त्याच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, रेडिंगरच्या शेजारची खुर्ची ओढून घेऊन, लाइलच्या तारा एकदा गुपचूप जोडून बघा, असं नॉरिसनेच त्याला सुचवलं होतं.