पडद्यावरचा लाल बैल

पाऊस का पाठ फिरवतो, यावरचा सिनेमा केनियातल्या तुर्काना भागात, त्यांच्याच गावात काढलेला. तो बघून मग सगळ्यांनी बोलायचं ठरलं होतं, म्हणून शाळेचा वर्ग खच्चून भरला होता. अबेईने एकदम नवऱ्याकडे बघितलं. दुष्काळात मेलेला त्यांचा लाल बैल पडद्यावर शिंगं डोलवत चालला होता. तो गेल्यापासून तिच्या नवऱ्याने, लोमोंगिनने, त्याच्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

"लोमोंगिन, तुझ्यापेक्षा देखणा दिसतोय की रे!" मागून कुणीतरी ओरडलं.

"चला, आपण घरी जाऊ," ती कुजबुजली.

"थांब गं." त्याने तिच्या मांडीवरची तान्ही लेक उचलून उंच धरली. "बघून घे, बाय माझी. हा तुझा थोरला भाऊ."