बार्लीसाखरेची गोळी

डोळे अधू झाले म्हणून क्लाइव्हचं लायसन्स गेलं, पण डोंगरापलीकडच्या किनाऱ्यावरची दर उन्हाळ्यातली सहल नोएलीनने रद्द केली नाही; नवऱ्याच्या खिशातली गाडीची किल्ली तिने बिनदिक्कत काढून घेतली. चाळीस वर्षं वाटेतल्या ओटीराच्या घाटात तिचं काम एकच: अवघड वळण आलं की बार्लीसाखरेच्या गोळीचा कागद काढायचा आणि गोळी त्याच्या तोंडात घालायची. “चालवणाऱ्याचे हात स्टिअरिंगवरच हवेत,” हा त्याचा नियम. आज गोळ्यांचा डबा त्याच्या मांडीवर होता आणि तो आपल्या बाजूला नसलेला ब्रेक पायाने दाबत होता. मागून दुधाचा टँकर भोंगा वाजवू लागला. “बाजूला घेऊ नकोस,” क्लाइव्ह कडाडला, “नाक कापलं जाईल!” “तुझं जाईल, माझं शाबूत आहे,” म्हणत तिने सावकाश टँकरला वाट दिली. दरीवरचं शेवटचं वळण आलं. शेजारी कागद सळसळला. “तोंड उघड,” तो म्हणाला.