मागच्या बाकापर्यंत

"उद्यापासून शाळेला जाऊ नको गं बाळ!" सातवीतली दिव्या दोन्ही हातांनी छाती बडवत ओरडली आणि बोरगावच्या त्या मराठी शाळेच्या हॉलमध्ये बसलेली सगळी पोरं फिदीफिदी हसली.

नीलमनं टाळी वाजवून तालीम थांबवली. "दिव्या, हे काय गं? गेल्या शनिवारी किती छान म्हणालीस. आज एवढं ओरडायला कुणी सांगितलं?"

दाराशी उभ्या असलेल्या तारामती बाईंनी पदर सारखा केला. सांगितलं होतं त्यांनीच. काल मधल्या सुट्टीत, दिव्याला व्हरांड्यात गाठून.

या शाळेच्या स्नेहसंमेलनातलं नाटक म्हणजे तारामती मगदूम बाईंचं, हे गावाला ठाऊक होतं. संवाद त्या लिहायच्या, पोरांकडून घोकून घ्यायच्या. कुठल्या शब्दाला कुठला हात उचलायचा तेही त्याच ठरवायच्या. आई झालेल्या पोरीला स्वतःचं पातळ नेसवायच्या. यंदा हेडमास्तरांनी नीलमला बोलावलं. सांबरा गावची पोरगी, नाटकाचं शिक्षण घेतलेली. दर शनिवारी सकाळच्या बसनं यायची आणि पोरांत फरशीवरच मांडी घालून बसायची. संवाद तिनं लिहून दिलेच नाहीत. "तुमच्या घरात बोलतात तसं बोला," एवढंच म्हणाली. पोरांनी आपापसात एक गोष्ट रचली. तंबाखूच्या वखारीत कामाला जाणारी एक आई, धाकट्याला सांभाळायला घरात कुणी नाही म्हणून थोरलीची शाळा बंद करते. दुसऱ्याच आठवड्यात पोरं नीलमला आक्का म्हणायला लागली. तारामती बाईंना एवढ्या वर्षांत कुणी आक्का म्हटलं नव्हतं.

गेल्या शनिवारी त्या सहज म्हणून दारात थांबल्या होत्या. आई झालेल्या दिव्यानं लेकीच्या खांद्यावरचं दप्तर काढून घेतलं, खुंटीला अडकवलं आणि पाठमोरीच, भाजी ढवळ म्हणावं इतक्या साध्या आवाजात, ते वाक्य म्हटलं. तारामती बाईंचे डोळे भरले. आणि डोळे पुसेपर्यंतच पोटात जळायला लागलं. हिला मी पाचवीपासून शिकवते. हे तिच्यात होतं, तर मला कसं दिसलं न्हाय?

आठवडाभर ते जळत राहिलं. काल व्हरांड्यात त्या म्हणाल्या, "अगं, नाटक हाय ते. मागच्या बाकाला ऐकू जायला नको? छाती बडवून घे, मोठ्यानं म्हण." दिव्यानं मान हलवली होती. बाईंचा शब्द ती कधी मोडत नसे.

आता दिव्यानं एकदाच दाराकडं बघितलं.

"कुणी न्हाय आक्का. माझं मलाच वाटलं. मागं ऐकू जाईत न्हाय म्हणून."

"जातंय गं. तू बोल तर खरं."

दिव्या रंगमंचाच्या पायऱ्या उतरली आणि थेट तारामती बाईंसमोर येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तक्रारही नव्हती. "बाई, तुम्ही पार मागं बसता काय? ऐकू आलं की हात वर करा. म्हंजे मला कळंल."

तारामती बाई शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या.

दिव्यानं परत रंगमंचावर जाऊन दप्तर खुंटीला अडकवलं. "उद्यापासून शाळेला जाऊ नको गं बाळ."

बाहेरून ट्रॅक्टर चालला होता, डोक्यावर पंखा करकरत होता. तरी अक्षर न् अक्षर शेवटच्या बाकावर पोचलं. तारामती बाईंचे हात मांडीवरच राहिले. समोर फरशीवर नीलम बसली होती आणि एक बारकी पोरगी तिच्या खांद्यावर मान टाकून नाटक बघत होती.

दिव्यानं मागं बघितलं. थोडा वेळ थांबली. "परत म्हणते," म्हणाली आणि आवाज चढवून परत म्हटलं.

हात वर झाला नाही.

तिसऱ्यांदा तिचा आवाज चिरकला. पुढच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.

"अगं, पहिलंच बरं होतं की!" नीलम म्हणाली. तिला काही उमजत नव्हतं. दिव्याचं तिच्याकडं लक्षच नव्हतं. ती शेवटच्या बाकाकडं टक लावून बघत होती. मग तिनं छाती भरून श्वास घेतला आणि दोन्ही हात आपसूक छातीकडं निघाले.

तारामती बाईंनी हात वर केला.

दिव्याचे खांदे सैल पडले. तिची नजर कुठं आहे ते बघून नीलम मागं वळली. पोरंही वळली.

"काय बाई? काही सांगायचं होतं का?"

तारामती बाईंचा हात अजून वरच होता.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "ऐकू आलं. पहिल्या खेपेलाच आलं होतं."